हाताचा माग

पोहणारा मनुष्य पाण्यातून पुढे जातो तो कशाच्या बळावर, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. चालणाऱ्याच्या पायाखाली टणक भूमी असते. पाय भूमीला मागे रेटतो. भूमी हलत नाही, म्हणून शरीर पुढे सरकते. पोहणाऱ्याला असा अचल आधार लाभत नाही. तो ज्या पाण्याला रेटतो ते पाणीच मागे सरते, बाजूला वळते, बोटांच्या कडेने निसटून जाते. या निसटत्या पाण्याला ज्याचा हात अधिक चांगल्या रीतीने धरून ठेवतो, तो अधिक वेगाने पुढे जातो. पोटावर राहून आळीपाळीने एकेक हात मारीत पोहण्याचा एक प्रकार आहे. फ्रीस्टाइल नावाच्या शर्यतींत बहुतेक सर्व जलतरणपटू याच प्रकाराने पोहतात. त्यात पाय सतत हलत असले, तरी शरीराला पुढे नेणाऱ्या रेट्याचा फार मोठा भाग हातांकडूनच मिळतो. म्हणून या पोहण्याचे शास्त्र जाणून घ्यावयाचे, तर प्रथम हाताचा माग काढला पाहिजे.

परंतु हा माग काढणे सोपे नाही. काठावर उभ्या असलेल्या मनुष्याला पोहणाऱ्याचा जो हात स्पष्ट दिसतो, तो पाण्याबाहेर येऊन पुढे जाणारा हात होय. त्या वेळी तो शरीराला रेटा देत नसतो. पुढच्या कामासाठी नुसता परत जात असतो. खरे काम करणारा हात पाण्याखाली असतो, आणि तो मात्र नीट दिसत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर लाटा उठलेल्या असतात, त्यांवर प्रकाश चमकत असतो, आणि हाताभोवती हवेच्या बुडबुड्यांचा फेस जमलेला असतो. शिवाय वेगाने पोहणाऱ्याच्या हाताचा पाण्याखालचा प्रवास साधारणपणे एका सेकंदाहूनही कमी काळात पुरा होतो. एवढ्या अल्प काळात हात कोठून कोठे गेला, हे डोळ्याला टिपता येत नाही.

मग हे प्रत्यक्ष पोहणाऱ्यालाच का विचारू नये? त्याचेही उत्तर खात्रीचे नसते. पाण्यात त्याचे शरीर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर सतत कलत असते, मान श्वासासाठी वळत असते आणि हात स्वतःच्याच शरीराखालून जात असतो. आपला हात सरळ मागे गेला असे त्याला मनापासून वाटते. प्रत्यक्षात तो सरळ गेलेला नसतो. अंगवळणी पडलेल्या हालचाली मनुष्य सहज करतो, परंतु त्या कशा करतो हे त्याला सांगता येतेच असे नाही.

वेगवान हालचालींच्या बाबतीत डोळा किती फसतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जुने चित्रकार भरधाव धावणारा घोडा रंगवीत, तेव्हा त्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले दाखवीत. १८७८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे एडवर्ड मायब्रिज याने एका रांगेत अनेक कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची लागोपाठ छायाचित्रे घेतली. त्यांवरून असे दिसून आले, की घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात हे खरे. पण त्या क्षणी ते ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात. शेकडो वर्षे जे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडत होते, ते प्रथम कॅमेऱ्याने दाखवले. घोडा तर उघड्यावर धावत होता. जलतरणपटूचा हात पाण्याने झाकलेला असतो.

पाण्याखालच्या या हाताकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणाऱ्यांत जेम्स कौन्सिलमन यांचे नाव अग्रभागी आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात १९५७ ते १९९० या काळात ते पोहण्याचे प्रशिक्षक होते. पोहण्याचा हात होडीच्या वल्ह्याप्रमाणे सरळ मागे ओढावा, अशी शिकवण तेव्हा रूढ होती आणि ती तर्काला पटणारीही होती. कौन्सिलमन यांनी उत्तम जलतरणपटूंचे पाण्याखाली चलच्चित्रण केले. १९७१ साली त्यांनी व त्यांचे सहकारी रोनाल्ड ब्राउन यांनी आपले निष्कर्ष मांडले. या अभ्यासासाठी त्यांनी पोहणाऱ्याच्या बोटाला लहानसा दिवा लावून अंधाऱ्या तलावात चित्रे घेतली होती. अंधारात शरीर दिसत नसे. दिव्याने काढलेली रेघ तेवढी चित्रावर उमटे. ती रेघ सरळ नव्हती. हात आधी खाली व बाहेर, मग आत आणि पुन्हा बाहेर असा वळणे घेत जात होता. शरीराच्या संदर्भात पाहिले, तर त्याचा मार्ग इंग्रजी एस् या अक्षरासारखा नागमोडी दिसे.

या वळणांचे कारण काय असावे? कौन्सिलमन यांनी त्याचा संबंध आगबोटीच्या पंख्याशी जोडला. पंख्याची पाती पाण्याला सरळ मागे ढकलीत नाहीत. ती तिरपी असून आडवी फिरतात. तरीही बोट पुढे जाते. तिरपे धरलेले पाते पाण्यातून आडवे सरकले, म्हणजे त्याच्या गतीच्या दिशेशी काटकोन करणारे एक बल निर्माण होते. विमानाच्या पंखाला वर उचलणारे बल याच जातीचे होय. पोहणाऱ्याचा तळहातही आडवा सरकताना अशाच बलाने शरीराला पुढे नेत असावा, असे कौन्सिलमन यांनी प्रतिपादन केले. त्यांचा पोहण्याच्या शास्त्रावरील ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला होता. त्यांचे शिष्य मार्क स्पिट्झ यांनी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिक स्पर्धांत सात सुवर्णपदके मिळवली. साहजिकच त्यांच्या मतांचा मोठा प्रभाव पडला आणि हात नागमोडी फिरवावा, असे अनेक प्रशिक्षक शिकवू लागले.

तथापि दिसणे आणि मोजणे यांत अंतर आहे. हात वळला हे चित्रात दिसले; पण तो किती सेंटिमीटर वळला, कोणत्या क्षणी वळला, त्याचा वेग किती होता आणि तो स्वतः वळला की शरीराने त्याला वळवले, हे नुसते चित्र पाहून समजत नाही. त्यासाठी चित्रावरून मोजमाप घ्यावे लागते, आणि पाण्याखालच्या चित्रावरून मोजमाप घेण्यात अनेक अडथळे येतात.

पहिला अडथळा प्रकाशाचा. हवेत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर वेगाने जातो. पाण्यात हा वेग सुमारे सव्वादोन लक्ष किलोमीटर होतो. त्यामुळे पाण्यातून हवेत तिरपा शिरताना प्रकाशकिरण वाकतो. यालाच वक्रीभवन म्हणतात. पाण्यात अर्धवट बुडवलेली काठी मोडल्यासारखी दिसते आणि चार हात खोल हौद वरून पाहिला असता तीनच हात खोल वाटतो, तो याच कारणाने. पाण्याखाली वापरावयाचा कॅमेरा जलाभेद्य पेटीत ठेवलेला असतो. पेटीच्या सपाट काचेतून त्याला प्रत्येक वस्तू जवळ आली आहेशी दिसते आणि त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने मोठी भासते. शिवाय चित्राच्या कडेकडे येणारे किरण मध्यभागापेक्षा अधिक वाकतात. म्हणून सरळ दांडीसुद्धा चित्राच्या कडेला आल्यावर किंचित बाक आल्यासारखी दिसते. अशा चित्रावर पट्टी ठेवून अंतर मोजले, तर ते चुकणारच.

या अडचणीवर योजलेला उपाय साधा आणि शहाणपणाचा आहे. जलतरणपटू पाण्यात उतरण्यापूर्वी धातूच्या दांड्यांचा एक मजबूत सांगाडा तलावात सोडतात. त्याची लांबी, रुंदी व उंची अगोदर काटेकोरपणे मोजलेली असते, आणि त्यावर ठिकठिकाणी ठळक खुणा केलेल्या असतात. पोहणारा ज्या जागेतून जाणार, नेमक्या त्याच जागी सांगाडा ठेवून त्याचे चित्रण करतात. नंतर तो काढून घेतात. कॅमेरे मात्र जराही हलवीत नाहीत. सांगाड्यावरील प्रत्येक खूण खरोखर कोठे होती हे माहीत असते आणि ती चित्रात कोठे दिसली हेही समजते. या दोहोंची तुलना केली, म्हणजे चित्रातील स्थानावरून पाण्यातील खरे स्थान काढण्याचे गणित बसवता येते. पाण्याने व काचेने घातलेला गोंधळ अशा रीतीने पुष्कळसा निस्तरला जातो.

दुसरा अडथळा खोलीचा. एकाच कॅमेऱ्याच्या चित्रात उंची व रुंदी असते. पण वस्तू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे हे त्यावरून कळत नाही. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवण्याचा प्रयत्न करणाऱ्याला ही अडचण चटकन समजेल. हात तर खाली, मागे आणि आत-बाहेर अशा तिन्ही दिशांना हलत असतो. म्हणून निदान दोन कॅमेरे वेगवेगळ्या बाजूंनी एकाच जागेकडे रोखावे लागतात. दोन चित्रांतील एकाच बिंदूच्या स्थानांवरून त्याचे अवकाशातील स्थान काढण्याची एक सुलभ गणिती रीत अब्देल-अझीझ व करारा या संशोधकांनी १९७१ साली मांडली. तीत सांगाड्यावरील निदान सहा खुणांची स्थाने माहीत असावी लागतात आणि त्या सर्व एकाच पातळीत असून चालत नाही. प्रत्यक्षात याहून पुष्कळ अधिक खुणा वापरतात. दोन्ही कॅमेऱ्यांतील चित्रे एकाच क्षणाची असणेही आवश्यक असते. त्यासाठी कॅमेरे एकमेकांना जोडलेले असतात, किंवा दोहोंना दिसेल असा दिवा क्षणभर लावून ती चित्रे जुळवून घेतात.

तिसरा अडथळा वेळेचा. चलच्चित्र म्हणजे लागोपाठ घेतलेल्या स्थिर चित्रांची माळ होय. दोन चित्रांच्या मधल्या काळात काय घडले, ते चित्रात येत नाही. समजा, हाताचा पाण्यातील वेग सेकंदाला २ मीटर आहे. सेकंदाला २५ चित्रे घेतली, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत हात ८ सेंटिमीटर पुढे गेलेला असेल. ५० चित्रे घेतली तर हे अंतर ४ सेंटिमीटर आणि १०० घेतली तर २ सेंटिमीटर होईल. चित्रे जितकी अधिक, तितका हाताचा माग अधिक सलग मिळतो.

चित्रण संपल्यावर खरे चिकाटीचे काम सुरू होते. चित्रणापूर्वी जलतरणपटूच्या खांद्यावर, कोपरावर, मनगटावर व बोटाच्या टोकाशी ठळक खुणा केलेल्या असतात. अभ्यासक संगणकाच्या पडद्यावर एकेक चित्र थांबवून त्यातील प्रत्येक खुणेवर नेमका बिंदू ठेवतो. अशी शेकडो चित्रे असतात, आणि प्रत्येक क्षणाची चित्रे दोन किंवा अधिक असतात. अलीकडे काही संगणक या खुणा आपोआप शोधतात. परंतु बुडबुड्यांनी खूण झाकली, किंवा एक हात दुसऱ्याच्या आड गेला, की यंत्रही गोंधळते आणि मनुष्याला लक्ष घालावे लागते.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे एखाद्याला वाटेल. त्याचे उत्तर एका लहान हिशेबात आहे. सेकंदाला ५० चित्रे घेतली असता २ मीटर वेगाचा हात दोन चित्रांमध्ये ४ सेंटिमीटर सरकतो, हे वर आलेच आहे. आता अभ्यासकाने एका चित्रात बिंदू केवळ १ सेंटिमीटर चुकीच्या जागी ठेवला, तर हे अंतर ५ किंवा ३ सेंटिमीटर भरेल. म्हणजे हाताचा वेग २ मीटरऐवजी अडीच किंवा दीड मीटर निघेल. पाण्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे सामान्यतः मानतात. २ चा वर्ग ४, अडीचचा वर्ग सव्वासहा आणि दीडचा सव्वादोन. म्हणजे बोटभर रुंदीच्या चुकीमुळे हाताचा रेटा एकदा दीडपटीहून अधिक, तर एकदा निम्म्याहून थोडासाच जास्त ठरेल! चित्रांची संख्या वाढवली, तर दोन चित्रांमधील खरे अंतर कमी होते आणि तीच चूक उलट अधिक मोठी ठरते. म्हणून नुसती चित्रे वाढवून भागत नाही. बिंदूंच्या मालिकेतील बारीक थरथर गणिताने काढून टाकून रेघ नितळ करावी लागते, आणि तसे करताना हाताची खरी वळणे पुसली जाणार नाहीत हेही पाहावे लागते.

याच कारणास्तव चांगला अभ्यासक जलतरणपटूला मोजण्याआधी स्वतःच्या मोजणीचीच परीक्षा घेतो. ठाऊक लांबीची एक काठी तो त्याच पाण्यात, त्याच कॅमेऱ्यांसमोर फिरवतो आणि गणिताने तिची लांबी काढतो. काठी एक मीटर असून उत्तर त्यापासून जितके ढळेल, तितकी चूक मोजणीत आहे असे तो समजतो. तेच चित्रण तो पुन्हा मोजतो, दुसऱ्याकडूनही मोजून घेतो आणि उत्तरे कितपत जुळतात ते पाहतो. चूक शून्य करणे कोणालाही साधत नाही. पण ती किती आहे हे सांगता येणे, हेच शास्त्रीय मोजमापाचे लक्षण होय.

मोजमापात आणखी एक प्रश्न उभा राहतो : हात हलला तो कशाच्या संदर्भात? नावाडी लांब बांबू नदीच्या तळाशी टेकवून होडी पुढे ढकलतो. होडीत बसलेल्याला बांबू मागे जाताना दिसतो. काठावरच्या मनुष्याला मात्र बांबूचे टोक तळाशी एकाच जागी रोवलेले आणि होडी पुढे जात असलेली दिसते. दोघांचेही पाहणे खरे असते. पोहणाऱ्याच्या हाताचेही तसेच आहे. शरीराच्या संदर्भात हात डोक्यापुढून मांडीपर्यंत मागे जातो. परंतु तलावाच्या भिंतीतील स्थिर कॅमेऱ्याला असे दिसते, की उत्तम जलतरणपटूचा हात पाण्यात जेथे शिरतो, जवळजवळ तेथूनच बाहेर येतो. पुढे गेलेले असते ते शरीर. पाण्याला चांगले धरून ठेवणे म्हणतात ते हेच.

संदर्भाचा हाच विचार नागमोडी मार्गालाही लागू पडला. पोहताना शरीर दोन्ही कुशींवर आळीपाळीने कलते. शरीर कलले, की खांदा हलतो आणि खांद्याबरोबर हातही आडवा सरकतो. लिऊ, हे व अँड्र्यूज या संशोधकांनी दहा जलतरणपटूंचे पाण्याखालील चित्रण करून मोजमापे घेतली आणि ती १९९३ साली प्रसिद्ध केली. हाताच्या आडव्या सरकण्यात शरीराच्या कलण्याचा वाटा, हाताच्या स्वतःच्या हालचालीच्या वाट्याइतकाच जवळजवळ भरला. याचा अर्थ असा, की चित्रात जे वळण दिसले होते ते खरे होते. पण ते सर्वस्वी हाताने मुद्दाम घेतलेले नव्हते. त्यातील बराच भाग शरीर कलल्यामुळे आपोआप येत होता.

आडव्या गतीने मिळणाऱ्या बलाविषयीही पुढे पुष्कळ विचार झाला. मागे जाणाऱ्या तळहाताला पाण्याचा जो सरळ अवरोध होतो, त्यातून मिळणारा रेटा पूर्वी समजले गेले त्याहून अधिक महत्त्वाचा आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत झाले. दोन्ही बलांचा वाटा नेमका किती, याचा शोध आजही चालू आहे. तथापि हात मुद्दाम मोठी वळणे घेत फिरवावा, ही शिकवण मागे पडली. कोपर उंच ठेवून तळहात व पुढचा हात यांनी पाण्याला मागे रेटावे आणि शरीराला स्वाभाविकपणे कलू द्यावे, यावर आता बहुतेक प्रशिक्षक भर देतात.

हा वाद केवळ विद्वानांपुरता नाही. समजा, बारा वर्षांची एक मुलगी २५ मीटरच्या तलावात रोज दोन किलोमीटर पोहते. म्हणजे ती तलावाच्या ८० फेऱ्या करते. एका फेरीला तिला २० हात मारावे लागले, तर एका दिवसात ती १६०० हात मारील. प्रत्येक हात चुकीच्या शिकवणीप्रमाणे फिरत असेल, तर तिचे श्रम वाया जातील, आणि खांद्यावर नको तो ताण पडला तर तो दिवसाकाठी शेकडो वेळा पडेल. खांदेदुखी हे स्पर्धेसाठी पोहणाऱ्यांचे नेहमीचे दुखणे आहे. तेव्हा प्रशिक्षकाच्या तोंडच्या एका वाक्यामागे खरे मोजमाप आहे की नुसता समज आहे, याला फार महत्त्व आहे.

कौन्सिलमन यांच्या स्पष्टीकरणात पुढे दुरुस्ती झाली, म्हणून त्यांचे काम कमी मोलाचे ठरत नाही. हात पाण्यात काय करतो हे तर्काने ठरवू नये, प्रत्यक्ष पाहावे, हा मार्ग त्यांनी दाखवला. नंतरच्या अभ्यासकांनी त्याच मार्गाने एक पाऊल पुढे टाकून पाहिलेले मोजले, आणि मोजलेले पुन्हा तपासले. आज हातात मावणारा कॅमेरा पाण्यात नेऊन कोणीही क्षणात चित्रण करू शकतो. परंतु अशा चित्रावरून हाताचा वेग सांगावयाचा असेल, तर ठाऊक मापाच्या वस्तूने चित्रातील मापे आधी पारखून घेण्याचे कष्ट अजूनही चुकलेले नाहीत. मोजायला बसण्यापूर्वी आपली मोजपट्टी सरळ आहे ना, हे प्रथम पाहावे लागते.